सात गाड्यांची एक गाडी

आमच्या घरात एक नियम आहे. गाडीला बाईमाणसाने फक्त फडक्याने हात लावायचा. पुसायची बायकांनी, चालवायची पुरुषांनी. सातवीत असताना मी विचारलं होतं, का? माझे मोठे काका, म्हणजे अप्पा, म्हणाले, "इचारायचं न्हाई." अप्पा तीस वर्षं शाळामास्तर होते. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं की, मी आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं. टाळ्या जोरात पडल्या!

सांगायचं म्हणजे, अशा घरात मुलीने जुनी मोटारसायकल दुरुस्तीला काढली की किस्से जमवायला लागत नाहीत. ते आपोआप जमतात, साखळीला माती चिकटावी तसे. मी आपली अधूनमधून खरवडून मैत्रिणींना सांगते. त्यातलेच हे थोडे.

*

मी बी.एस्सी. अ‍ॅग्री झाले आणि एका बियाणे कंपनीत निवड झाली. काम सोपं. भोकरदन तालुक्यातल्या गावोगावी जायचं आणि शेडनेटमधले मिरचीचे प्लॉट तपासायचे. पत्रात एकच अट होती, स्वतःची दुचाकी हवी. एक तारखेला गाडी घेऊन हजर व्हा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. माझ्याकडे लायसन होतं, शिकवण्यांचे साठवलेले पैसे होते, गाडी नव्हती. हातात सहा आठवडे होते.

"स्कूटी घे की," धाकटे काका नाना म्हणाले.

"नाना, काळ्या मातीत पाऊस झाला की स्कूटी जागेवर रुतते."

"मंग ट्रॅक्टर घे," अप्पा म्हणाले आणि विषय संपवला.

विषय संपला नाही. भोकरदनला एकाकडे जुनी मोटारसायकल आहे असं कळलं. मी निघाले तर तिघेही म्हणाले, तुला काय कळतं गाडीतलं, आम्ही बघतो. तिघे म्हणजे अप्पा, नाना आणि माझे बाबा. मी घरी. माझे पैसे घेऊन ते गेले, संध्याकाळी गाडी टेम्पोत घालून घेऊन आले.

"काय काय बघितलं?" मी विचारलं.

अप्पांनी सीटवर थाप मारून बघितली होती. नानांनी आरसा बघितला होता, त्यात भांगही पाडला होता. बाबांनी विकणाऱ्याला गाव विचारलं, मग मामाचं गाव विचारलं, आणि चहा येईपर्यंत तो आमच्या आजीच्या माहेरचा पाहुणा निघाला.

"आणि चालू करून बघितली का?"

तिघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाहुण्याच्या खिशात हात घातला होता.

"अगं, पाव्हण्याची गाडी हाय!" बाबा म्हणाले. "तोंडावर चालू करून बघावं का?"

*

गाडी हमीदचाचांच्या गॅरेजला नेली. ढकलत. चाचा चाळीस वर्षं भोकरदनला मिस्त्री आहेत आणि गाडीशी बोलतात त्याच्या निम्मंही माणसांशी बोलत नाहीत. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग खाली बसून आरसी बुकातले दोन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघितले. इंजिन बराबर, चॅसी बराबर.

"कागद बिलकुल साफ हाय," ते म्हणाले. "बाकी बेटा, ही एक गाडी न्हाई. पूरा मोहल्ला हाय."

टाकीवर एका कंपनीचं नाव, बाजूच्या पत्र्यावर दुसऱ्या कंपनीचं. पुढचं चाक तिसरीचं. सायलेन्सर अशा गाडीचा, जी चाचांच्या मते आता निघतच नाही. हँडलचा डावा दांडा उजव्यापेक्षा जाड. चाचांनी बोटं मोजली आणि सातवर थांबले.

स्पीडोमीटर कुठल्यातरी स्कूटीचं होतं. त्याचा काटा चाळीसवर अडकलेला. गाडी उभी असली तरी चाळीस.

मी घरी तक्रार केली. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगलंच हाय की," ते म्हणाले. "चाळीसच्या वर जाऊच नको."

*

चाचांची अट होती. हात थरथरतात म्हणून खोलायचं मी आणि बसवायचंही मी, ते स्टुलावर बसून सांगणार. खोलायची त्यांची पद्धत अशी की खाली जुना पेपर अंथरायचा आणि निघालेला एकेक नट, वॉशर, स्प्रिंग त्यावर ओळीने मांडायची. डावीकडून उजवीकडे, जशी निघाली तशी. बसवताना उजवीकडून डावीकडे यायचं. लिहून ठेवायची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी मी क्लच उघडला. चार ओळी झाल्या. दुपारी हात धुवायला गेले तेवढ्यात अप्पा आले. पोरगी काय करून राह्यली ते बघायला. पोरगी दिसली नाही. पेपर दिसला.

अप्पा मास्तर माणूस. छापलेला कागद खाली पडलेला त्यांना बघवत नाही. त्यांनी पेपर उचलला, झटकला, चष्मा लावला आणि बाकावर बसून वाचायला लागले.

मी आले तेव्हा माझा क्लच गॅरेजभर पसरला होता. दोन वॉशर नालीत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात चाचांनी हाताने थांबवलं. स्टुलावरून उठले, अप्पांसमोर जाऊन उभे राहिले आणि फार अदबीने म्हणाले,

"गुरुजी, काय म्हणतो पेपर?"

"काही न्हाई," अप्पा पान उलटत म्हणाले. "मागच्या वर्षीचा हाय."

क्लच जुळायला पाच दिवस गेले.

*

तीन वस्तू मात्र पार कामातून गेल्या होत्या. टाकी गळत होती, पुढचं चाक वाकडं होतं आणि बॅटरी मेलेली होती. मी जालन्याला जाऊन मस्तगडची जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली. साइड स्टँड मिळाला, आरसा मिळाला, या तीन वस्तू काही मनासारख्या मिळेनात.

मग आई हळूच म्हणाली, "तिन्ही तर घरातच हायेत."

खरंच होतं. अप्पांची जुनी मोटारसायकल आठ वर्षं गोठ्यात उभी होती. नानांची त्यांच्या सासुरवाडीला, मंठ्याला पडून होती. बाबांच्या ट्रॅक्टरच्या सामानात एक लहानशी बॅटरी होती, जिचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. मी तिघांकडे मागितलं. तिघांनीही "ने, ने, भंगारच हाय," म्हणून दिलं. नाना तर म्हणाले, "जागा मोकळी झाली बघ."

अप्पांच्या गाडीची टाकी मी काढली आणि सीट फाटलेली नव्हती म्हणून तीही काढली. त्या सीटवर काकूंची कोंबडी अंडी द्यायची. सीट गेल्यापासून तिने अंडी देणं बंद केलं. अप्पा मला रोज सकाळी हा समाचार देत होते.

"आज बी न्हाई दिलं," एवढंच म्हणायचे आणि निघून जायचे.

*

मधल्या एका रविवारी मला बघायला पाहुणे आले. गाडी आता गॅरेजातून घरी आणली होती, बाबांनी तिच्यावर चादर टाकली. आईने माझ्या नखांतलं ग्रीस काढायला लिंबू, मग राख, मग रॉकेल वापरलं. मी पोह्यांची ताटली पुढे केली तर खोलीत पोह्यांचा वास येईना.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलीला काय काय येतं?"

"सगळं येतं," अप्पा म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं माझ्याबद्दलचं हे एकमेव चांगलं वाक्य. आणि तेही त्यांना खरं वाटत नव्हतं!

निघताना मुलाची मोटारसायकल चालू होईना. त्याने वीस किका मारल्या, त्याच्या वडिलांनी मारल्या, नानांनी मारल्या. मी आतून प्लगचा पाना आणला, प्लग काढला, पदराने पुसला, परत बसवला. एका किकमध्ये चालू झाली. पाहुणे बसले आणि गेले.

आठ दिवस निरोप नाही. नवव्या दिवशी मुलाच्या वडिलांचा बाबांना फोन आला. बाबांनी घाईघाईने स्पीकरवर टाकला, सगळं घर गोळा झालं.

"लग्नाचं राहू द्या," ते म्हणाले. "गाडीचा खर्रखर्र आवाज येऊन राह्यला. पोरीला इचारा, कधी आणू?"

*

पाचव्या आठवड्यात गाडी चालू झाली. एकच खोट राहिली होती. वायरिंग सात गाड्यांचं. ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा.

"चांगलं हाय की," नाना म्हणाले. "थांबायच्या आधी सांगती."

पहिली चक्कर मारायची होती, पण घरातल्या पुरुषांना न सांगता. सकाळी सगळे शेतात गेले आणि मी आईला मागे बसवलं. आई लग्नानंतर सव्वीस वर्षांत कुणाच्याही मागे बसली तर डोळे मिटूनच बसलेली. आम्ही मोसंबीच्या बागेपर्यंत गेलो आणि परत आलो. तिने माझ्या खांद्यावरून स्पीडोमीटर बघितलं.

"चाळीसच हाय ना?"

"चाळीसच आहे आई."

परत येताना दिसलं, अप्पा शेतातून लवकर आलेले, शेजारच्या त्यांच्या घराच्या ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसले होते. रस्ता त्यांच्या दारावरूनच. मी गाडी हळू केली, नुसती गिअरवर, आवाज न करता. ब्रेकला पाय लावायचा नाही असं ठरवलं. ब्रेक लागला की हॉर्न, आणि हॉर्न वाजला की अप्पा वळणार.

बरोबर ओट्यासमोर आल्यावर मागून आईचा आवाज आला.

"दाब."

"काय?"

"ब्रेक. दाब म्हणते ना."

*

हॉर्न मी दुसऱ्याच दिवशी ठीक केला. पण अप्पांनी वळून बघितलं होतं, आणि हजर व्हायला दोन दिवस राहिले असताना त्यांनी आमच्या ओसरीवर बैठक बोलावली. अप्पा, नाना, बाबा सतरंजीवर. मी आणि आई दाराशी. गाडी समोर अंगणात, पुसूनबिसून.

"गाडी चांगली झाली," अप्पांनी सुरुवात केली. "कुणी न्हाई म्हणत न्हाई."

"टाकी तर माझ्या दादाचीच शोभून दिसते," नाना म्हणाले.

"आणि चाक?" अप्पा म्हणाले. "चाक तुझं हाय म्हणून तर चालून राह्यली."

 आता बाबा बॅटरीवर येणार असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"तर ठरलं असं," अप्पा म्हणाले. "ही गाडी आता एकट्या पोरीची न्हाई, घराची हाय. सगळ्यांचा हिस्सा लागलाय तिला. ती माझ्या दारात उभी राहील. चावी माझ्याकडं. शुभे, तुला कामावर जायचं असलं तर नाना सोडीत जाईल."

"मला रोज सहा गावं फिरायची आहेत, अप्पा."

"मंग नाना फिरंल सहा गावं."

"आणि नानांना काम असलं तर?"

"मंग त्या दिवशी तू घरी राहा. नोकरी कुठं पळून राह्यली का?"

नाना हसले. बाबांनी सतरंजीचा दोरा ओढला.

"चावी ठेव इथं," अप्पांनी सतरंजीवर बोट टेकवून दाखवलं.

मी आत गेले. चाचांनी मला दिलेली पान्यांची पेटी घेऊन आले आणि जिथे अप्पांचं बोट होतं तिथे ती उघडून ठेवली.

"चावी देणार नाही," मी म्हणाले. "गाडी माझ्या नावावर आहे. टाकी आणि सीट तुमची, चाक नानांचं, बॅटरी बाबांची. ज्याचा हिस्सा त्याने आत्ताच खोलून न्यावा. जे उरेल त्यावर मी परवा सकाळी सातला निघणार आहे. टाकीपासून सुरू करा अप्पा, तिला बारा नंबरचा पाना लागतो."

अप्पांनी पेटीकडे बघितलं. मग नानांकडे. नानांनी बाबांकडे. अप्पांनी एक पाना उचलला, डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, आणि होता तिथे ठेवून दिला.

तो चौदाचा होता. मी सांगितलं नाही.