आईसाठी निवडलेला फोन

अमरावतीच्या एका दुकानातून मी एकाच दिवशी दोन फोन घेतले. एक माझ्यासाठी, एक अकोल्याला एकट्या राहणाऱ्या आईसाठी. काउंटरवरची मुलगी हुशार होती. कॅमेऱ्याचं कौतुक वगैरे न करता सरळ मुद्द्यावर आली.

"सर, हा नवीन आहे. याला अजून सहा वर्षं अपडेट येतील, तेही वेळेवर. आणि हा दुसरा जुनं मॉडेल आहे. याचे अपडेट उशिरा येतात, वर्ष-दीड वर्षात बंदच होतील. मग एकेक ॲप चालायचं थांबतं. किती वर्षं वापरायचा, त्यावर ठरवा."

"आईला द्यायचा आहे."

"आजींचं वय?"

"शहात्तर."

एवढं बोलून मी थांबलो, आणि त्या थांबण्यात मनात एक आकडा आला. कुणी विचारला नव्हता. आपसूक आला आणि माझं बोट जुन्या फोनकडे गेलं. "तिला हा पुरेल," मी म्हणालो. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डबा उचलला.

दोन्हींच्या किमतीत फार फरक नव्हता. पैसे वाचवायला गेलो असतो तर आज कबूल करणं सोपं गेलं असतं. मी आईचं उरलेलं आयुष्य मोजलं आणि त्या मापाचा फोन घेतला. नवा, लांब पल्ल्याचा, स्वतःकडे ठेवला. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

पुढे काही महिन्यांनी आईला इन्सुलिन सुरू झालं आणि डॉक्टरांनी तिच्या दंडावर सेन्सर बसवला. रुपयाएवढी चकती. ती साखर मोजून फोनला कळवायची. साखर उतरली की तिचा फोन कर्कश ओरडायचा आणि तेच आकडे इकडे माझ्या फोनवर दिसायचे. आईचा जन्म बाजारात ओरडून भाजी विकण्यात गेलेला, पण तीसुद्धा दचकायची. "माह्याहून जोऱ्यानं वरडते बाप्पा हे!"

त्या ओरडण्याच्या भरवशावर तिने एक गोष्ट केली आणि मला सांगितली नाही. डॉक्टरांनी बंद करायला लावलेली चतुर्थी पुन्हा धरली. सकाळी इन्सुलिन टोचायचं आणि चंद्र निघेपर्यंत काही खायचं नाही. साखर उतरलीच तर फोन सांगेल, मग गुळाचं पाणी घेऊ, असं तिने आपलं ठरवून टाकलं होतं.

मग दीडेक वर्षाने एका दुपारी, मी कॉलेजात परीक्षेच्या गडबडीत असताना, तिचा फोन आला.

"अरे, मोबाइलवर इंग्रजीत काई तरी आलं हाय. जाऊनच नाई राह्यलं. खाली ओके हाय फकस्त."

"मग ओके दाब."

"थांब ना, काय लिवलं हाय ते कोनाले वाचाले लावतो—"

"आई, ओके दाब. काही नसतं त्यात."

तिने दाबलं. त्यात काय होतं ते मला नंतर कळलं. या फोनची सिस्टिम जुनी झाली आहे, अमुक तारखेनंतर हे ॲप यावर चालणार नाही.

ती तारीख नेमकी चतुर्थीला आली. सकाळी अकराच्या सुमारास माझ्या फोनवर तिच्या आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा दिसायला लागल्या. तशा आधीही दिसायच्या. ती फोन घरात ठेवून गच्चीवर मिरच्या पसरायला गेली की तासभर रेघाच असायच्या. मी चहा प्यायलो. वर्गावर एक तास घेतला. बाहेर येऊन पाहिलं, रेघाच. फोन लावला तर वाजून वाजून बंद झाला. पाच वेळा तेच. शेजारच्या काकूंना लावला तर त्या बाळापूरला बारशाला गेलेल्या.

"सकाळी तं चांगली होती. पूजेले फुलं तोडून राह्यली होती. चतुर्थी हाय ना आज तिची."

"चतुर्थी?"

"काहून, तुले नाई सांगतलं?"

ज्या गल्लीत मी लहानाचा मोठा झालो, तिथल्या दुसऱ्या कुणाचाही नंबर माझ्याकडे नव्हता. अँब्युलन्स पाठवावी हेसुद्धा सुचलं नाही. गाडी काढली आणि निघालो.

फोन समोर लावला होता. सगळे अपडेट घेतलेला माझा फोन सगळं नीट दाखवत होता. मूर्तिजापूर किती लांब, पुढे रस्त्याचं काम कुठे, बाहेर ऊन किती. आईच्या जागी तेवढ्या दोन रेघा. दुकानात मनात आलेला तो आकडा आता समोरच्या काचेवर लिहिल्यासारखा दिसत होता. मी मोजलं ते बरोबर निघतंय की काय, या भीतीने मी गाडी दामटत राहिलो. ब्रेकवर पाय आहे की नाही तेही कळेना. देवाला मी काही मागितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. आई मोरीजवळच्या ओट्यावर बसलेली. घामाने लुगडं अंगाला चिकटलेलं, डोळे उघडे. फोन शेजारीच पडला होता, चार्जिंग पूर्ण, पडद्यावर ॲप बंद झाल्याची इंग्रजी सूचना आणि माझे न उचललेले कॉल. मला पाहून ती हसली, अनोळखी गिऱ्हाइकाला हसतात तशी.

"मेथी सरली भाऊ. सांबार राह्यला तेवढा. देऊ का जुडी?"

मी साखरेचा डबा शोधला. माझ्या हाताने तो अर्धा सांडला. पाण्यात साखर ढवळून चमच्याचमच्याने पाजत राहिलो आणि ती मला कोवळी कोथिंबीर, तिचा सांबार, कशी ओळखायची ते सांगत राहिली. पंधराएक मिनिटांनी बोलता बोलता थांबली. चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काहून रे? उपास मोडला न माहा!"

मी तिथेच फरशीवर बसलो.

दोन दिवस तिला दवाखान्यात ठेवलं. घरी आल्यावर ती तुरीच्या शेंगा सोलत बसली आणि सहज विचारलं, "फोन काहून नाई वरडला रे त्या दिवशी?"

खराब झाला, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिने मानलं असतं. पण माझ्याने ते म्हणवेना. मी सगळं सांगितलं. ती मुलगी, ते दोन डबे, वेळेवर येणारे अपडेट आणि बंद होणारे, आणि माझं बोट कुठे गेलं ते. आईचे हात थांबले नाहीत.

"मंग किती वर्सं धरले होते तू मले?"

"दोन."

तिने एक शेंग सोलली. दाणे ताटात टाकले.

"दोन तं झाले."

सगळ्या शेंगा सोलून झाल्यावर ती ताट घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी राहिली. "चाल. या खेपेले मी येतो संग."

अकोल्याच्या दुकानात दुकानदाराने तिला खुर्ची दिली आणि तोच प्रश्न विचारला. "किती वर्षं वापरायचा आहे, आजी?"

आईने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "याले विचारा. माहे वर्सं हा मोजते."

दुकानदार हसला. त्याला गंमत वाटली. "ज्याला सगळ्यात जास्त वर्षं अपडेट येतील, तो द्या," मी म्हणालो.

"मग हा घ्या. सात वर्षं."

"सात," आई माझ्याकडे बघत म्हणाली.

मी मान खाली घातली आणि काउंटर घट्ट धरला. कारण शहात्तर आणि दोन अठ्ठ्याहत्तर, इथपर्यंत माझ्या मनाने मोजून झालं होतं, आणि पुढची सातची बेरीज मला काही केल्या थांबवता येत नव्हती.