पिठोरीचं वाण

मे महिन्यातल्या एका रविवारी, मदर्स डे म्हणून, माझी सून मला साडी देते आणि पाया पडते. साडी चांगली असते, सूनही चांगली आहे. मी घडी मोडते, नेसते, फोटोला उभी राहते. पण आईला मान द्यायचा म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला आमच्या मालवणजवळच्या घरातली श्रावण अमावस्या आठवते. मालवणला मुंबईची आगबोट लागत होती त्या काळातली.

त्या दिवशी आई पिठोरीचं व्रत करायची. आमच्या आधीची तिची मुलं पाळण्यातच गेली होती, म्हणून तिने ते धरलं होतं. तिन्हीसांजेला पूजा झाली की ती देवाकडे तोंड करून उभी राही, खीर-पुरीच्या वाणाचं ताट डोक्यावर धरी आणि मागे न बघता विचारी, "अतिथ कोण?" मागे उभा असलेला माझा मोठा भाऊ म्हणे, "मियां आसंय." मग ती ताट तसंच मागे नेई आणि तो ते घेई. आपलं मूल आहे, जगलं आहे, हे तिला मुलाच्याच तोंडून ऐकायचं असे. हा मान मुलग्याचा. मी दाराशी उभी राहून बघायची.

एका वर्षी ज्येष्ठात भाऊ तापाने गेला. पावसामुळे बोट बंद, वडील मुंबईहून येष्टीने कणकवलीला उतरून धडपडत आले, दिवस केले आणि पुन्हा गिरणीत गेले. नोकरी कुणासाठी थांबत नाही.

घर बधिर झालं. आई रडली नाही, मीही नाही. मी विहिरीवरून पाणी आणायची, पुढ्यात येईल ते गिळायची, आत काही हलत नव्हतं. नातेवाईक येत, आणि रिकाम्या हाताने येत नसत. मामाने दुखवट्याचं लुगडं आणलं, कुणी नारळ, कुणी बिस्किटांचा डबा. एरवी त्या डब्यावर मी तुटून पडले असते. आई प्रत्येकाला एकच सांगे, "ठेव थंय." पेटीवर ढीग साठला. तिने त्यातली एकही वस्तू उलगडून बघितली नाही.

अमावस्येच्या दिवशी ती कणीक मळायला बसली तेव्हा आमच्याच घरात राहणारी काकी तिच्याजवळ गेली.

"औंदा सण नाय गो आपल्याकडे. आणि वाण देतलंस कोणाक?"

आई मळत राहिली.

"व्हया तर शेजारच्या झिलाक उभो करतंय."

"तो माझो न्हय," आई म्हणाली.

काकी वाईट नव्हती. खरं ते तोंडावर बोलून मोकळी व्हायची, एवढीच तिची खोड.

संध्याकाळी आईने ताट डोक्यावर घेतलं. पागोळ्या गळत होत्या. "अतिथ कोण?" मागे भावाची जागा रिकामी होती. तिने पुन्हा विचारलं, अगदी त्याच आवाजात. काकीने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "खाली ठेव गो बाये."

ताट अजून आईच्या डोक्यावरच होतं. आता कुणी बोललं नाही तर ही बाई ताट खाली ठेवील आणि पुन्हा कधी कुणाला काही विचारणार नाही, मलाही नाही, एवढं मला त्या बधिरपणातही कळलं. मला भीती वाटली.

"मियां आसंय," मी म्हटलं.

काकीने माझा दंड धरला. "गप. चेडवांनी बोलूचा नसता."

आई वळली नाही. मला वाटलं, संपलं. मग तिने तिसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी प्रश्न सावकाश आला, खरोखर उत्तर हवं असल्यासारखा.

मी दंड सोडवून घेतला आणि तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. "मियां आसंय, आये."

ताट मागे आलं. भाऊ उंच होता, मी नव्हते. ताट कलंडलं, खीर माझ्या डोक्यावर सांडली आणि पुऱ्या कशाबशा माझ्या हातात आल्या. आई वळली. माझ्याकडे बघतच राहिली. ज्येष्ठापासून आम्ही एका घरात वावरत होतो, पण तिने मला बघितलं ते तेव्हा.

"केस बघ कशे झालेत तुझे," ती म्हणाली. "कधीपासून विंचरूक नाय?"

"तूच विंचरतंस माझे," मी म्हटलं.

ते ऐकून ती खाली बसली. मला पुढ्यात ओढलं, माझ्या जटा बोटांनी सोडवू लागली आणि रडू लागली, ज्येष्ठातलं राहिलेलं सगळं. हात मात्र केसांतून काढला नाही. मला रडू आलं नाही. मला भूक लागली होती, कडकडून, कितीतरी दिवसांनी. तिच्या मांडीला टेकून मी पुऱ्या खाल्ल्या.