ट्रकखालचो आबा

आबाचं तोंड गावात निम्म्या लोकांनी धड बघितलेलं नव्हतं. पाय मात्र सगळ्यांनी बघितले होते. रस्त्याकडेला त्याची गाडी उभी असली की मागच्या चाकाजवळ दोन तळवे बाहेर आलेले असायचे, आणि बाकीचा आबा गाडीखाली. पोस्टमन त्या पायांशीच बोलायचा, लग्नाची अक्षत त्या पायांजवळच ठेवली जायची. म्हणून त्याचं नाव पडलं 'खालचो आबा'. मी त्याचा शेजारी. माझे पाय कोणी ओळखत नव्हतं, आणि तोंड ओळखत होते ते फक्त टायरवाले.

आम्ही दोघांनी ट्रक घेतले एकाच आठवड्यात. सारखेच, सहा चाकी. रंगसुद्धा तोच, कारण माझी रंग निवडायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "आबाक दिलात तोच देवा." तिथपासून माझं जळणं सुरू झालं ते आजपर्यंत चालू आहे. बारा वर्षांत त्याचं इंजिन एकदाही उघडावं लागलं नाही. माझं दोनदा उघडलं. दुसऱ्या वेळी मेकॅनिकच मला म्हणाला, "खुर्ची घेवन बस रे, तू आता घरचोच."

फरक कशाचा, तर तेलाचा. आबा इंजिनाचं ऑईल स्वतः बदलायचा, मी डीलरकडे जायचो. का जायचो ते खरं सांगतो. चौथीत मास्तरांनी माझा नाद सोडला, तेव्हापासून बायको सोडून मला कोणी अहो-जाहो केलेलं नाही. आणि त्या डीलरकडे थंडगार खोलीत सोफ्यावर बसवून एक मुलगी म्हणायची, "सर, कॉफी घेणार?" सर! मी तीन-तीन कप प्यायचो. काचेच्या पलीकडे माझी गाडी असायची, तिचं काय चाललंय ते दिसायचं नाही, पण सर कशाला बघतील? पाव तासात सगळं उरकायचं. मग मी सही करायचो. सहीला ऑईल बदलण्याइतकाच वेळ लागायचा.

घरी आलो की बायको विचारायची, "अहो, जुनां त्याल खंय?"

"डीलरान ठेवल्यान."

"म्हणजे पैसे तुमी दिल्यात नि त्याल तेणी ठेवल्यान? आबांनी बघा, जुन्या त्यालान गोठ्याचे सगळे वासे रंगवल्यानी. पाच वर्सा झाली, वाळवी फिरकाक नाय. आमचो खांब बघा!"

आमच्या खांबाला तिने बोट लावलं, ते आत गेलं. माझ्या आयुष्यात माझ्या बायकोने दुसऱ्या पुरुषाचं एवढं कौतुक केलं ते जळक्या तेलावरून.

आबाचं तेल बदलणं म्हणजे आमच्या वाडीत छोटी पूजाच होती. गाडी थोडी फिरवून आणायची, तेल कोमट झालं पाहिजे. खाली गोणपाट, गोणपाटावर आबा, छातीजवळ घमेलं. आणि नट सोडायच्या आधी गाऱ्हाणं. देवळात घालतात तसं, पण झोपून. गाडीखालून आवाज यायचा, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेन आमका आजपर्यंत सांभाळल्यान. आज आमी तिची सेवा करतंव. पानो सटको नये, नट घमेल्यात पडो नये, नि खालच्या माणसाच्या डोळ्यात त्याल जावचां नाय, अशी तजवीज कर रे म्हाराजा!" आणि बाहेर जो कोणी उभा असेल त्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बहुतेक वेळा मीच असायचो. दुसऱ्याच्या गाडीसाठी व्हय म्हणताना माझा आवाज बारीक निघायचा. खालून लगेच, "आयकाक येणा नाय रे! जेवलंस नाय काय?"

नट सोडला की आबा घाई करत नसे. धार संपून थेंब सुरू झाले तरी तो तिथेच पडून राहायचा. "शेवटचो थेंब पडासर उठाचां नाय," म्हणायचा. "घाण शेवटच्या थेंबातच आसता." मग जुना फिल्टर काढला की त्या जागेवरून बोट गोल फिरवायचा, डोळे मिटून. मी समजायचो, हा पण पूजेतलाच प्रकार असेल. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला येतं आणि मला येत नाही, हे दोघांनाही कळलं असतं. हे तिसऱ्या माणसालाही माहीत होतं, तो भाग वेगळा.

आणखी एक खोड होती त्याला. चहाच्या टपरीवर मी गाडी लावली की विचारल्याशिवाय माझ्या इंजिनातली तेल मोजायची दांडी ओढायचा, तेलाचा थेंब दोन बोटांत चोळायचा, नाकाला लावायचा. आपल्या पोराची जीभ शेजाऱ्याने चारचौघांत बाहेर काढून बघावी, तसं मला व्हायचं.

"पाणी कमी आसताना चालवलंस मा?"

"नाय ओ आबानू."

"मगे मेव्हण्यान चालवल्यान."

मेव्हण्यानेच चालवली होती. माझ्या घरात न कळलेली गोष्ट याला एका थेंबात कळली.

आता मुख्य गोष्ट. नांदगावच्या बाजूचे एक बागायतदार, त्यांना सगळे शेट म्हणायचे. हंगामातल्या पहिल्या आंब्याची गाडी घाट चढून कोल्हापूरला जायची, ती दरवर्षी आबाची. गाडीला झेंडूचा हार, पुढच्या चाकाला नारळ, आणि वाडीतली सगळी माणसं निरोपाला. मला दुसरं काही नको होतं. एकदा तो हार माझ्या गाडीला पाहिजे होता. त्या वर्षी दोन गाड्या जाणार होत्या, म्हणून मी शेटकडे गेलो.

शेट म्हणाले, "तुका पयली दिलंय नि गाडी घाटात बसली तर? तुझा इंजिन दोनदा उघडलां. आबा हो म्हणालो तर बघूया."

मी आबाकडे गेलोच नाही. कसा जाणार? पण गोष्ट त्याच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी शेटचा निरोप आला, पहिली गाडी तुझी. आबाने सांगितलं होतं, "देवा तेका पयली. मी मागसून येतंय." मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. मला एवढा राग आला की मी जेवलो नाही. माझा हार त्याने मला भिकेत घातला होता!

तेव्हा मी ठरवलं, ऑईल आता आपणच बदलायचं. डीलर नको, आबा तर नकोच. निघायच्या दिवशी पहाटे घराच्या मागे, गोणपाटावर झोपलो. गाऱ्हाणं घातलं नाही, कारण आबाला ऐकू गेलं असतं. धार थांबली तसा उठलो, शेवटच्या थेंबाला कोण थांबतं! फिल्टर काढला, नवीन बसवला, नवीन तेल ओतलं. बोट काही फिरवलं नाही. वाटलं, देव आपला भोळा आहे, चालवून घेईल.

हार पडला, नारळ फुटला. मी पुढे, आबा मागे. वैभववाडीपर्यंत मी एका हाताने गाडी चालवली, दुसरा लोकांना दाखवायला बाहेर ठेवला होता. घाट सुरू झाला तसा आबा मागून हॉर्न मारायला लागला. एकदा, दोनदा, मग सारखाच. दिवे पण मारतोय. मी मनात म्हटलं, आता जळतंय ना! पुढे जायचंय ना! बारा वर्षं मी जळलो, आता तू जळ. मी गाडी मध्ये घेतली आणि बाजू दिली नाही. समोर तेलाचा लाल दिवा लागला, तर मला वाटलं हाराचं फूल आत पडलंय.

वळणावर इंजिनातून पत्र्याचं पिंप बडवल्यासारखा आवाज आला तेव्हा मी थांबलो. मागे बघतो तर घाटभर काळी रेघ. तीच रेघ बघून तो हॉर्न मारत होता.

आबा उतरला. सरळ गाडीखाली गेला, आणि हार घातलेल्या माझ्या गाडीखालून त्याचे दोन पाय बाहेर आले. थोड्या वेळाने आवाज आला, "झिला, जुन्या फिल्टराचो रब्बर इंजिनाक चिकटानच रवलो. तू तेच्यावर दुसरो बसवलंस. दोन रब्बर एका जागेर कसे रवतले?"

ते डोळे मिटून बोट फिरवणं, ती पूजा, त्या रबरासाठी होती.

"इंजिन गेला काय ओ?" मी विचारलं.

"अजून दोन वळणा घेतलं असतंस तर गेला असता. आता वाचात. माझ्या गाडयेतलो त्यालाचो डबो घेवन ये."

त्याने जुना रबर काढून तोच फिल्टर नीट बसवला, स्वतःचं राखीव तेल माझ्या इंजिनात ओतलं. चालू करायच्या आधी घाटाच्या कडेला उभ्याने गाऱ्हाणं घातलं. मी "व्हय म्हाराजा" असा ओरडलो की दरीतली माकडं पळाली.

"आता जेवलेलो दिसतंस," आबा म्हणाला. "चल, पुढे हो. हार तुझ्या गाडयेक आसा."

कोल्हापुरात उशीर का झाला म्हणून शेटचा फोन आला. आबा म्हणाला, "माझो टायर बसलो. ह्यो बिचारो माझ्यासाठी थांबलो." म्हणजे खोटं बोलण्यातसुद्धा हा माणूस माझ्यापेक्षा चांगला! त्या दिवसानंतर मी डीलरकडे गेलो नाही. सर गेले ते गेलेच.

पुढे आबाचे गुडघे गेले. खाली जाता येईना, गेलं तर उठता येईना. गाडी बांद्याच्या एकाला दिली आणि तो खाटेला लागला. शेवटचा भेटलो तेव्हा मी तसाच गाडीखालून उठून गेलो होतो, हात न धुता. त्याने माझं बोट धरलं, आपल्या बोटात चोळलं, नाकाला लावलं.

"बरां आसा," म्हणाला. "शेवटच्या थेंबापर्यंत थांबतंस आता."

इतक्या वर्षांत माझ्या तेलाला त्याने पहिल्यांदा बरं म्हटलं. दोन दिवसांनी तो गेला.

आता गोणपाटावर मी झोपतो. गाऱ्हाणं घालतो, आणि विहिरीवरून बायको "व्हय म्हाराजा" म्हणते, तेही धुणं न थांबवता. आमचे वासे काळेभोर झालेत, वाळवी नाही. पण कधी कधी मी खाली असताना रस्त्यावरून आबाची गाडी जाते. मी न बघता आवाज ओळखतो. तो बांद्याचा माणूस तिला डीलरकडे नेतो म्हणे, आणि तरी तिचं इंजिन अजून उघडलेलं नाही. एवढी सेवा करून ठेवलीय मेल्याने! माझं जळणं परत सुरू होतं, पाना हातातच राहतो. आवाज पार लांब जाईपर्यंत मी ऐकतो, मग डोळे मिटतो आणि फिल्टरच्या जागेवर बोट गोल फिरवतो.