गाडीले बोलू द्या

"तुमी चूप राहा भाऊ, गाडीले बोलू द्या."

बालाघाटला कंपनीच्या वर्कशॉपात गाडी नेली, की काकाजी आधी हे म्हणायचे. मग बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत राहायचे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहून घेणं हे खरं त्यांचं काम. पण गिऱ्हाइकाचं ऐकायची त्यांना कधी घाई नसे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

माझ्या टॅक्सीचा गिअरबॉक्स गेला, तेव्हा वॉरंटी संपून अठरा दिवस झाले होते. उकव्याहून पेशंट आणणं, लग्नाची भाडी मारणं, हीच माझी रोजीरोटी. नवा गिअरबॉक्स घ्यायची ऐपत नव्हती. कंपनी कधीकधी मुदतीनंतरही मन मोठं करून पार्ट देते, त्याला गुडविल म्हणतात. "फक्त गाडीत बाहेरचा पार्ट दिसू देऊ नको," शेजारी म्हणाला. माझा एअर फिल्टर बाहेरचा, स्वस्तातला. मी शहाणपणा केला. भरवेलीला घरीच तो काढून टाकला, कंपनीचा कोरा फिल्टर बसवला आणि गाडी ओढून वर्कशॉपात नेली.

काकाजींनी फिल्टर काढून उजेडात धरला. आमच्या भरवेलीच्या खाणीच्या काळ्या धुळीत रोज फिरणाऱ्या गाडीत तो दुधासारखा पांढरा होता.

"हा आजच आंघोळ करून आला का?"

जुना बाहेरचा होता, तो घरी काढून टाकला, हे मी कबूल केलं.

"काहून लपवता? फिल्टरनं गिअरबॉक्स जात नाही. पण हे खोटं कंपनीनं पकडलं, तर माह्या सहीले कोण इचारते? जुना घेऊन या."

घरी परत जाऊन उकिरड्यातून तो काळा फिल्टर उचलून आणला. त्यांनी अर्जात स्वच्छ लिहिलं: फिल्टर बाहेरचा आहे, बिघाडाशी त्याचा संबंध नाही, मी स्वतः तपासलं आहे. खाली सही. दहाव्या दिवशी गिअरबॉक्स फुकट आला. मी पाया पडायला वाकलो.

"पाया नका पडू. क्लच हळू सोडत जा."

गाडी अजून त्या सहीवरच चालते, असं मी मानतो.

काकाजी आता नाहीत. मला आठवतात ते रिटायर झाले त्या दिवशीचे. किरनापूरला त्यांच्या घरी मीच सोडायला निघालो होतो. वाटभर मान तिरकी करून हे माझ्या गाडीत खोट काढणार, म्हणून भीतभीतच गिअर टाकत होतो. शहर सुटल्यावर बाजूला पाहिलं, तर काकाजी बारीक घोरत गाढ झोपलेले.

त्यांचं दार आलं. तरी मी त्यांना उठवलं नाही. इंजिन तसंच चालू ठेवलं.