शेंडीची खूण

१९५८ च्या मे महिन्यात गुणाजी तांडेल डोंगर चढायला निघाला, तेव्हा मच्छीमारांच्या गाबीतवाड्यात हशा पिकला. साठीला टेकलेला माणूस, जन्म गेला मालवणच्या दर्यावर, आणि म्हातारपणी याला डोंगराचे डोहाळे लागले! "गुणाजी डोंगरार मासे गरवूक चललो रे," असं कुणीतरी ओरडलंसुद्धा. गुणाजीनं मान वळवली नाही. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या होत्या, पावसाला अजून पंधरा दिवस होते आणि शाळेलाही सुट्टी होती. काशीराम मास्तर दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या डोंगरावर जाऊन पिशवीभर दगड घेऊन यायचे. लोक त्यांना अर्धवट समजायचे, पण जाताना कोणी सोबतीला आलं तर ते नको म्हणत नसत.

गुणाजी खरा कशाला चालला होता, ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

त्याच्या घराण्यात एक खूण होती. बंदराबाहेर पाण्याखाली खडकांची रांग आहे आणि तिच्यातून होडी जाईल एवढीच एक फट आहे. ती फट कुठे, हे पाण्याकडे बघून कळत नाही. मागे वळून जमिनीकडे बघायचं. किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस आणि पार मागे सह्याद्रीच्या एका डोंगरावरची शेंडी, म्हणजे माथ्यावर झाडांचा जो झुबका होता तो, एका रेषेत आले की होडी बरोबर फटीवर. ही खूण आज्यानं बापाला दिली, बापानं गुणाजीला, आणि गुणाजीनं आपल्या एकुलत्या एका मुलाला, महादूला. बाहेर कुणाला सांगायची नाही, अशी देवासमोर नारळावर हात ठेवून शपथ. दर्या बदलतो, वाळूच्या पुळणी सरकतात, डोंगर मात्र जागचा हलत नाही, असं गुणाजी मुलाला अभिमानानं सांगायचा.

गेल्या दिवाळीत आभाळ निवळलं आणि पावसाळाभर ढगात गेलेला डोंगर दिसू लागला. पहिल्याच दिवशी महादू घरी आला तो गोंधळलेला.

"बाबा, शेंडी दिसना नाय."

"डोळे फुटले काय तुझे?" गुणाजी खेकसला. गुडघ्यांमुळे त्यानं दर्यावर जाणं सोडलं होतं, पण दुसऱ्या दिवशी हट्टानं होडीत बसला. फटीच्या अलीकडे उभं राहून त्यानं कपाळावर आडवा हात धरला, डोळे किलकिले केले आणि बोट दाखवलं. "ती काय समोर! आंधळ्याक पण दिसात." महादूनं एकदा बोटाकडे बघितलं, एकदा डोंगराकडे. मग मान खाली घातली. बापाशी वाद घालणारा तो मुलगा नव्हता.

चारच दिवसांनी, ऐन सुकतीला, पाणी ओसरलेलं असताना, महादूची होडी खडकावर फुटली. बरोबरचे दोघे पोहत आले, महादू आला नाही. तिसऱ्या दिवशी तो सापडला. जमलेल्या माणसांपुढे गुणाजी छाती पिटत काय बोलला? "खूण हातात दिलेली, तरी महादू चुकलो मेलो! ध्यान नाय, काय नाय!" दुःखात माणूस काहीही बोलतो म्हणून लोकांनी सोडून दिलं. महादूच्या बायकोनं, हिरानं, सोडलं नाही. ती रडायची थांबली आणि सासऱ्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून ती त्याला ताट वाढत होती, पाणी देत होती, पण त्याच्याशी बोलत नव्हती.

सहा महिन्यांच्या आतच गुणाजीला एका संशयानं पोखरायला घेतलं. समोरचा माणूस जवळ येईपर्यंत ओळखू येईनासा झाला, तसा संशय जास्तच वाढला. महादू खरंच चुकला, की आपण? शेंडी होती की नव्हती? दर्यावर जाऊन बघावं तर डोळ्यांचा भरवसा नाही. दुसऱ्या होडीच्या तांडेलाला विचारावं तर खूण फुटते. राहता राहिला डोंगर.

मास्तरांबरोबर एसटीनं कुडाळ, तिथून बैलगाडीनं पायथा, आणि पहाटे चढाईला सुरुवात. पहिल्या तासाभरातच गुणाजीचे पाय बोलू लागले. वाळूत आणि होडीच्या फळीवर वाढलेले ते पाय, त्यांना हा काळा कातळ कुठला मानवायला? वाळलेल्या गवतावरून चप्पल घसरे, म्हणून त्यानं ती काढून काखेत मारली, तर दगड तापायला लागले. पुढे सुट्या दगडांचा उतार लागला. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली यायचं. एका ठिकाणी तर कड्याला पोट घासत, कारवीच्या जुन्या खोडांना धरून आडवं सरकावं लागलं. मास्तर घाबरले. "गुणाजी, इथूनच मागे फिरू या. लाज कसली त्यात?"

"तुमी फिरा मास्तरांनू. माका वर जावचा आसा."

मास्तर फिरले नाहीत. सावलीत बसून त्यांनी त्याला पाणी दिलं आणि त्याचं मन रमावं म्हणून कड्याचे थर दाखवले. हा अख्खा डोंगर ज्वालामुखीनं केलाय, ते म्हणाले. जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला, पसरला, थिजला, त्याचा दगड झाला. मग पुन्हा आला. एकावर एक असे थर साचले. गुणाजीनं दगडावर हात ठेवून ऐकलं.

"म्हणजे एकदा हो डोंगर पण व्हावत होतो?"

"एके काळी, हो."

गुणाजी उठला आणि चढू लागला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते माथ्यावर पोचले. माथा उघडा होता. गुणाजी दोन पावलं चालला आणि ठेचकाळला. खाली वाकून त्यानं हातानं चाचपलं. झाडाचा बुंधा. त्याच्या पुढे दुसरा, त्याच्या पुढे तिसरा. मास्तर सांगत गेले, चहूकडे बुंधेच होते आणि मधे कोळशाच्या भट्ट्यांची राख.

खालच्या वाडीची तुळसा म्हणून एक बाई तिथं काटक्या वेचत होती. गुणाजीनं तिला विचारलं, "बाये, हयली झाडां कधी तुटली गो?"

"गेल्या वर्सा वैशाखात. ठेकेदाराची माणसां इली, सगळा रान तोडून कोळसो केलो."

गेल्या वर्षी वैशाखात. म्हणजे महादू जायच्या सहा महिने आधी. गुणाजी एका बुंध्यावर बसला. मग त्यानं विचारलं, "मास्तरांनू, बाजूच्या डोंगरार काय आसा? दगडाचो सुळको आसा काय?"

"आहे की. एकटाच उभा आहे."

"लांबसून तो झाडांसारखो दिसात?"

मास्तरांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! ते सहज म्हणाले, "नजर अधू असेल त्याला दिसेल. चांगल्या नजरेला दगडच दिसणार."

महादूची नजर चांगली होती. तरी त्यानं बापाच्या बोटावर विसंबून, त्या सुळक्याच्या रेषेत होडी घातली होती.

घरी पोचल्यावर गुणाजीनं पाय धुतले नाहीत, तसाच हिरासमोर जाऊन उभा राहिला. "शेंडी नव्हतीच गो. तो खरा बोलत होतो. मीच तेका खडकार धाडलंय."

सहा महिन्यांनी हिरा सासऱ्याशी बोलली, ती एवढंच. "चार माणसांत बोललास मामांनू. आता चार माणसांतच सांगा."

चार माणसांत सांगायचं म्हणजे खूण फोडायची. आज्याची शपथ मोडायची. गुणाजीनं रात्रभर विचार केला असेल नसेल, पण सकाळी जाळी शिवत बसलेल्या माणसांसमोर तो हात जोडून उभा राहिला. हिरा मागे थांबली. त्यानं सगळं सांगितलं. कळस, शेंडी, फट, महादूचा प्रश्न, आपलं बोट. "माझ्या झिलाची चूक नव्हती. मी तेका मारलंय," तो म्हणाला आणि लोक आता काय बोलतील म्हणून वाट बघत राहिला.

जाळ्यातल्या सुया थांबल्या होत्या. शेवटी विठोबा तांडेल, गुणाजीच्या बरोबरीचाच, खाली बघत म्हणाला, "गुणाजी, आमच्या घराची खूण पण तीच. कळस आणि शेंडी."

"आमची पण," पलीकडून कोणीतरी म्हणालं. मग आणखी एक जण.

"दिवाळीत वर बघलंय तर शेंडी नाय," विठोबा म्हणाला. "त्याच दिवसापासून आमी ती वाट सोडली. भायरसून लांबचो फेरो घेतंव. घराची खूण म्हणान कोणाक सांगूक नाय. तू एकदा इचारलं असतंस तर..."

हिरा होती तिथंच वाळूत बसली आणि महादू गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. तिच्याजवळ जायचा धीर गुणाजीला झाला नाही, आणि त्या माणसांपैकी कुणालाच झाला नाही.