सह्यांच्या भिंतीवरची ती चौकट

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पवनीला आमच्या धानाच्या बांधीत उभा होतो. "तुहे भाऊजी गेले रे बाबू..." एवढंच ताई बोलली. शहापूरला ताईच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे त्यांचा चेहरा नव्हताच, त्यांची ती भिंत होती.

यशवंत मेश्राम, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत नोकरी केली आणि छंद एकच जपला. लढाईत आरमाराची जहाजं चालवलेल्या अधिकाऱ्यांच्या सह्या मागवायच्या, वर त्या साहेबाचं वर्तमानपत्रातलं चित्र लावायचं आणि चौकट करून भिंतीवर टांगायची. आता सांगा, आमच्या जिल्ह्यात तलाव म्हणाल तेवढे, पण समुद्र? मी पडलो साळा, चिडवायचा माझा हक्कच. "भाऊजी, वैनगंगेत डोंगा चालवता येत नाही तुमाले, अन् आरमाराचा एवढा पुळका कायले?" ते हसत. "अरे, दारूगोळा आमी बनवाव, अन् तो चालवणारा कोन हे मालूमच नसाव? हे काही बरोबर हाय?"

पत्रासोबत ते कोरं कार्ड आणि तिकीट लावलेला लिफाफा पाठवत. बहुतेक साहेब सही करून धाडत. फक्त नागपूरला राहणारे एक निवृत्त कमांडर दाद देईनात. मार खाल्लेलं जहाज त्यांनी किनाऱ्याला आणलं होतं. भाऊजींना ही सही हवी म्हणजे हवीच होती. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या हिवाळ्यात ते नव्या तांदळाची थैली घेऊन थेट साहेबांच्या दारात उभे राहिले. साहेब म्हणाले, "आधी तुमची भिंत बघतो, मग ठरवतो."

साहेब येणार त्या दिवशी मी मुद्दाम भाऊजींच्या फॅक्टरीतल्या क्वार्टरवर गेलो होतो. आमच्याकडे मोठा पाहुणा यायचा म्हटलं की घरातल्या फोटोंना ताजे हार चढतात. भाऊजी साहेबांना आणायला गेले आणि इकडे ताईनं उत्साहाच्या भरात बुद्ध-बाबासाहेबांबरोबर भिंतीवरच्या सगळ्याच चौकटींना झेंडूचे हार घातले. सहीची जागा कोरी सोडलेल्या साहेबांच्या चौकटीलाही! मीही मुकाट्यानं हार देत राहिलो, माझंही डोकं चाललं नाही. साहेब आत आले आणि स्वतःच्या फोटोवरचा हार पाहून जागीच थांबले. "अगे माय!" ताईनं तोंडाला पदर लावला. भाऊजी हार ओढायला धावले, तसा साहेबांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या," ते म्हणाले. "माझ्या जहाजावरची पाच पोरं परत आली नाहीत. त्यांना कुणी हार घातला की नाही, मला ठाऊक नाही. सही मागायला मात्र सगळे माझ्याकडे येतात." मग त्यांनी चौकट उघडून मागितली. कोऱ्या जागेत आधी त्या पाच जणांची नावं लिहिली आणि अगदी खाली, कोपऱ्यात, स्वतःची बारीकशी सही केली.

तेव्हापासून दर रविवारी चौकटी पुसताना भाऊजी ती पाच नावं मोठ्यानं वाचत. निवृत्तीनंतर शहापूरच्या घरी आले तरी ते सुटलं नाही. ताई आतून ओरडायची, "चहा थंडा होऊन राहिला! मेलेल्याले हाका मारता कायले?" "कोनी त मारली पाह्यजे ना," ते म्हणत. शेवटच्या भेटीतही त्यांना दुसरी काळजी नव्हती. "माह्या मागं हे नावं कोन घेईन रे?" मी छातीठोकपणे म्हणालो, "मी घेईन ना!" एवढंच समाधान त्यांना हवं होतं, आणि ते मी दिलं याचा मला आजही आनंद आहे.

जलदानविधी झाला. पुढच्या रविवारी शब्द पाळायला मी सकाळीच शहापूर गाठलं. दारातच थबकलो. ताई ओल्या फडक्यानं ती चौकट पुसत होती. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण स्वयंपाकघरातून इतकी वर्षं कानांवर पडलेली पाचही नावं ती बिनचूक घेत होती. पाचवं नाव झालं... ती थांबली. जन्मात कधी नवऱ्याचं नाव न घेतलेल्या माझ्या बहिणीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं, "यशवंत मेश्राम."