गेनूआबांचा हौद

हे लिहिण्याआधी क्षमा मागावी असे वाटते. आमच्या घरात माझ्या आधी कोणी सहीपलीकडे काही लिहिलेले नाही, आणि मीही परीक्षेतल्या निबंधापलीकडे गेलेलो नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे ते गेनूआबा कोणी मोठे गृहस्थ नव्हते. मुळशीच्या धरणाकाठी मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता. त्याच्यामागच्या पोहण्याच्या हौदाच्या भिंती घासणे हे आबांचे काम. पण मी लिहिले नाही तर त्यांच्याबद्दल कोणीच लिहिणार नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते एक नवा ब्रश स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला घासत होते. मला वाटले, म्हातारा अंग चोळतोय. मी अदबीने म्हणालो, "आबा, साबण देऊ का?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "न्हाई. ब्रश बगतूया. हितं वरखडा उठला तर भितीवर बी उठनार. भितीला वरडता येत न्हाई, म्हनून आदी आपन बगायचं."

त्या उन्हाळ्यात इंटर सायन्सची परीक्षा देऊन मी माझ्या गावाहून, भऱ्याहून, तिथे देखरेखीला गेलो होतो. देखरेख कशावर, तर ज्यांनी सतरा वर्षे तो हौद सांभाळला त्या माणसावर. नोकरी दोन महिन्यांची होती, पण शेटजींची चिठ्ठी मिळाली तर पुण्यात वसतिगृहात फुकट जागा मिळणार होती. ती मिळाली नाही तर माझे कॉलेज तिथेच संपले असते. त्यामुळे मी फार कडक देखरेख करत असे. खिशाला पेन, हातात वही. आबा मला 'कालेज' म्हणत. थट्टा करायची असली की "काय कालेज, आज काय लिवलंसा?" आणि मी खरोखर दमलेला दिसलो की "बस जरा, पोरा."

त्यांच्याकडे दोनच ब्रश होते. भिंतींना काथ्याचा आणि पाण्याच्या रेघेवरच्या चिनी मातीच्या फरश्यांना मऊ केसांचा. काथ्याचा ब्रश रात्रभर भिजत घालून ते सकाळी लांब बांबूला बांधत, तोही सरळ नाही, किंचित तिरका. "पानी सोताच दाबतंय त्याला भितीवर. आपन निस्तं खाली न्यायचं." सुरुवात कोपऱ्यांपासून. मग वरून खाली एक ओढ, दुसरी ओढ पहिलीवर चार बोटे चढवून. घाई केली की शेवाळ उधळून पाणी गढूळ होई आणि दिसेनासे होई. आंब्याच्या सावलीतली भिंत ते रोज घासत, उन्हातली एक दिवसाआड.

एकदा मी विचारले, "एवढे कसे जमते तुम्हाला?" तेव्हा धरणाच्या पाण्याकडे हनुवटी करून ते म्हणाले, "आमचं घर बी पान्यातच हाय की. तितं घासायला कुनी लावत न्हाई, म्हनून हितं घासतूया." आणि स्वतःच हसले. मला हसावे की नाही ते कळेना, म्हणून मी वहीत तारीख लिहिली.

मे महिन्यात शेटजी पाहुण्यांना घेऊन येणार असे कळले. सावलीतल्या भिंतीवर हिरवट झाक होती. मी विचार केला, आणि माझ्या आयुष्यातली बरीच संकटे इथूनच सुरू झालेली आहेत. घर्षण जितके जास्त तितकी स्वच्छता जास्त, असे मला वाटले. पुण्याला जाऊन मी बोहरी आळीतून पोलादी तारांचा ब्रश आणला, रंगारी गंज खरवडायला वापरतात तसला.

आबांनी तो हातात घेतला, पण कोपराला लावला नाही. "ह्यो लोखंडासाटी हाय. ही भित घोटून घोटून गुळगुळीत केलेली. तिची सालटी निगतील."

"आबा, हे शास्त्र आहे."

"आसंल. मंग शास्त्रानंच घासावं." त्यांनी बांबू माझ्या हातात दिला आणि काठावर तंबाखू मळत बसले.

अर्ध्या तासात भिंत पांढरीशुभ्र झाली. मी विजयाने हाक मारली. आबांनी पाण्यात हात घालून भिंत चाचपली. "पांडरी झाली खरी. सोलल्यावर मानूस बी पांडराच दिसतो."

आठ दिवसांनी त्या भिंतीवर तांबूस ठिपके उमटले. ब्रशाच्या तारांचे बारीक तुकडे ओरखड्यांत अडकून गंजले होते, आणि उरलेल्या ओरखड्यांत शेवाळाने कायमचे घर केले होते. देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखी ती भिंत झाली. आबा दोन दिवस काथ्याने घासत होते. काही निघाले नाही. तिसऱ्या दिवशी शेटजी आले.

शेटजींच्या मॅनेजरने आम्हा दोघांना काठावर उभे केले. "हे कुणी केलं?"

मी तोंड उघडले. वाक्यही तयार होते, अगदी शुद्ध. पण डोळ्यांपुढे वसतिगृहाची खोली आली आणि मी कर्ता कोण ते ठरवत राहिलो. तेवढ्यात आबा म्हणाले, "म्या. माज्या हातनं झालं."

त्याच दिवशी त्यांचे काम गेले. बोचके घेऊन निघताना त्यांनी मला एवढेच विचारले, "चिठ्ठी मिळाली का रं?" मिळाली होती. माझ्या खिशात, पेनच्या शेजारी.

सात महिने मी त्या फुकटच्या खोलीत राहिलो. अखेर एक दिवस धीर करून मॅनेजरला पत्र लिहिले. ब्रश मी आणला, घासले मी, आबांचा दोष नाही, त्यांना परत घ्यावे. तीनदा कच्चे लिहिले, ऱ्हस्वदीर्घ तपासले, आणि पेटीत टाकून आल्यावर आपण मोठे सत्यवचनी आहोत असे वाटून त्या दिवशी दोन वाट्या आमटी जास्त खाल्ली. आता खोली जाईल म्हणून सामानही बांधून ठेवले. उत्तर आले नाही. खोली गेली नाही. सामान आठवडाभराने सोडले.

परवा पौडच्या मोटारस्टँडवर आबांचा पुतण्या भेटला. मी विचारण्याआधीच म्हणाला, "आबा गेलं. माघात."

मग मी विचारले, "माझं पत्र पोचलं होतं का रे मॅनेजरकडे?"

"व्हय तर. सायबानं आबाला बोलावनं धाडलं, हौदावर परत ये म्हनून. गेलं की आबा. पर तितं जाऊन म्हनलं, पत्र खोटं हाय, पोरगं उगंच अंगावर घेतंय. आन आलं माघारी."

"का पण? काम परत मिळत होतं!"

पुतण्या हसला. "आमी बी लई भांडलो. तर म्हनलं, सतरा वरसं हौद माजा व्हता. त्याला ब्रश त्या कालेजनं निवडला, आसं कुनी म्हनलेलं मला चालायचं न्हाई."